उम्म साबिरची रिकामी म्हैस

रिहाबचा डावा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता, नाक शेपटीपाशी आणि दोन्ही बूट शेणात.

"काय गं, सापडलं का काही?" शेजारच्या सनिय्यानं गोठ्याच्या भिंतीवरून डोकं काढलं. तिच्यामागे आणखी चार-पाच जणी. "अंगठी तेवढी सांभाळ हो! आत राहिली तर म्हशीचाच साखरपुडा व्हायचा!"

भिंतीपलीकडे हशा पिकला. रिहाबलाही हसू फुटलं. पण तिच्या उमेदवारीचा आज शेवटचा दिवस. सकाळपासून मांजरीच्या घशातला माशाचा काटा, गाढवाचा सुजलेला पाय, पोपटाची वाढलेली चोच, सगळं डॉक्टर वग्दींनीच निस्तरलं होतं. तिनं नुसतं धरून ठेवलं. "एक जनावर तरी स्वतःच्या हातानं ओळखून दाखव," ते म्हणाले होते, "तरच कागदावर सही. नाहीतर पुढच्या वर्षी ये, मिळून चहा पिऊ."

आणि उम्म साबिरनं तर डॉक्टरांना दारातच थोपवलं. "तू बाहेरच थांब. पोरीलाच बघू दे." मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघायचं काय म्हणा! भाकड आहे मेली. खाटकालाच देणार आहे."

रिहाबची बोटं पुढं सरकली. मऊ, उबदार, गच्च भरलेलं काहीतरी. मग त्यात एक टणक, इवलंसं, दुभंगलेलं टोक. खूर! तिनं तो हळूच दाबला. खुरानं चक्क लाथ मारली.

अगं बाई! तिला वाटलं, इथंच शेणात गिरकी घ्यावी. आयुष्यात पहिल्यांदा, एकटीनं, स्वतःच्या हातानं! तिनं तोंड उघडलं. दारात डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात शेपटी हलली. शेपटीच्या केसांत, आतल्या बाजूनं, कुणाला दिसू नये असा एक निळा दृष्टमणी बांधलेला होता. खाटकाकडे निघालेल्या म्हशीला मणी? रिहाबनं उम्म साबिरकडे पाहिलं. म्हातारीचे ओठ भराभर पुटपुटत होते आणि डोळे सनिय्यावर खिळले होते. रिहाबच्या आईनंही धाकट्याच्या वेळी शेजारणींना आठव्या महिन्यापर्यंत पोटात वात धरल्याचंच सांगितलं होतं.

"अगं, बोल की!" डॉक्टर ओरडले.

रिहाबनं सहीवर पाणी सोडलं. "रिकामी आहे."

भिंतीवर सगळ्या चुकचुकल्या. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. उम्म साबिरनं कपाळ बडवून घेतलं, आधी म्हशीला शिव्या घातल्या, मग रिहाबला, आणि "चल, हात धू, शेणानं माखलीस!" म्हणत तिला ओढत स्वयंपाकघरात नेऊन दार लावून घेतलं.

"कितवा?" ती कुजबुजली.

"आठवा. आणि लाथ मारतंय, मावशी! मला लाथ मारली त्यानं!"

म्हातारीनं डोक्यावरच्या ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, नाहीतर तिची किलकारी पलीकडच्या गावात ऐकू गेली असती. दोघी एकमेकींना धरून, आवाज दाबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. निघताना रिहाबच्या काखेत फडक्यात बांधलेली गरम, तुपानं निथळणारी, पापुद्र्यांची फतीर रोटी होती.

गाडीत बसल्यावर डॉक्टरांनी हात पुढं केला. "कागद दे."

"पण मी तर..."

"रिकाम्या म्हशीची फतीर कुणी देत नसतं." त्यांनी सही ठोकली आणि फतीरचा मोठा तुकडा तोडला. "दोन वर्षांपूर्वी याच गोठ्यात, याच सनिय्यासमोर, मी 'गाभण!' म्हणून ओरडलो होतो. आठवड्याभरात म्हैस गाभडली. तेव्हापासून मी बाहेर उभा राहतो."