वाचलेले किलो

विमानविद्येच्या इतिहासात असे क्षण फार थोडे येतात. या क्षणासाठी हँगरची दारं बंद करावी लागली होती, पंखे थांबवावे लागले होते आणि फुल्क्रां मिस्त्रीला शिंक दाबून उभं राहावं लागलं होतं. विमान काट्यावर चढवलं की वाऱ्याची झुळूकसुद्धा चालत नाही.

ओडील कास्तान्येदला या इतिहासाने आता झोप येत होती. अकरा वर्षं ती वजन-विभागात बसून एकाच गोष्टीच्या मागे लागली होती: लिथियम मिसळलेलं ॲल्युमिनियम. साध्या पत्र्याहून हलकं, आणि वर ताठही. त्याचं हे पहिलं विमान जुन्यापेक्षा दोनशे चाळीस किलोंनी हलकं भरायला हवं होतं. नाही भरलं, तर तिचा पाच माणसांचा विभाग बंद. तसं पत्रच आलं होतं.

आकडा स्थिरावला. फुल्क्रांने वजाबाकी दोनदा केली.

"बारा."

"दोनशे बारा?"

"नुसते बारा, मॅडम. काटा कालच तपासलाय, माझ्याकडे बघू नका."

ती विमानाकडे बघत होती. पत्रा हलकाच होता. तो तिने स्वतः तोलून घेतला होता. चूक पत्र्याची नव्हती. पहिला पत्रा आला त्या दिवशी तिने आनंदाच्या भरात कँटीनच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'दोनशे चाळीस किलो वाचणार!' दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. रंगवाल्यांना तिसरा हात द्यायचा होता. मजबुती तपासणाऱ्यांचा नव्या धातूवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांना हलक्या पत्र्यामागे जाड पट्ट्या हव्या होत्या. मग खानपानवाल्या बाई आल्या. "एक भट्टी वाढवून दे गं, गार क्रोआसाँ वाढताना लाज वाटते." जो तो थोडंच मागायचा, येताना कॉफी आणायचा आणि म्हणायचा, "तुझ्याकडे काय, भरपूर आहेत." परवानगीच्या कागदांवर सह्या सगळ्या तिच्याच.

जेवणाच्या सुट्टीआधी संचालक लाबार्थ तिच्या खोलीत आले. ओडील कपाट रिकामं करून खोकी भरत होती.

"हे काय चाललंय?"

"विभाग बंद होणार ना. बाराच किलो वाचलेत, साहेब. बाकीचे मीच वाटून टाकले."

लाबार्थनी दार लोटून घेतलं. "वेड लागलंय का तुला? विभाग बंद केला, तर लोकांनी किलो मागायचे कुणाकडे?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "ते बारा अजून कुणी नेले नाहीत ना? पहिल्या वर्गात जरा जाड गालिचा टाकायचाय. बारात बसेल."

ओडीलने खोक्यातून पेन शोधून काढलं आणि त्यांनी पुढे केलेल्या परवानगीच्या कागदावर सही केली. गालिचा आधी तोलून बघू, असं म्हणण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

गालिचा एकोणीस किलो भरला.