विम्यात बसलेलं ऑपरेशन

सत्यवतीच्या पापण्या गेल्या काही वर्षांत इतक्या खाली उतरल्या होत्या, की समोरचं माणूस बघायला तिला हनुवटी वर करावी लागे. विमा कंपनीनं मात्र, "हे सुंदर दिसण्यासाठीचं ऑपरेशन आहे, पॉलिसीत बसत नाही," असं सांगून हात वर केले.

"राहू द्या आता. या वयात मला कुठं मिरवायचं हाय?" सत्यवती म्हणाली. पण तिचा नवरा दयाराम काही ऐकेना. "तुझे डोळे किती वर्षांत धड बघितले न्हाय मी," असं हसून म्हणायचा आणि तिला रिक्षात बसवून रेवदंड्याहून पुन्हा पुन्हा अलिबागच्या दवाखान्यात घेऊन जायचा. अखेर डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासणी करून, पापण्यांमुळे तिची निम्मी नजर झाकली जातेय, असं लिहून दिलं. तेव्हा कुठं कंपनी राजी झाली.

ऑपरेशन झालं, सूज उतरली. एका सकाळी नवऱ्याच्या हातात चहाची कपबशी देताना सत्यवतीनं त्याच्याकडं पहिल्यांदाच डोळे भरून पाहिलं. गालफडं आत गेलेली, डोळ्यांत पिवळेपणा, सदरा अंगावर नुसता लोंबत होता.

"तुमी एवढे कधी वाळलात?" तिनं घाबरून विचारलं.

दयारामनं कपबशी खाली ठेवली.

"होळीच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलंय, हे दुखणं आता बरं व्हायचं न्हाय. माझ्यामागं तुला एकटीनं वावरता यावं, म्हणून घाई केली."