सात सेंटिमीटरच्या आत

"ह्याच्यानंबी झाकण लागंना, भाऊ."

जनकाबाईंनी पिशवीतून प्रोसेसरचा कूलर काढून काउंटरवर ठेवला. हा सहावा.

"कितीनं अडलं?" धम्मानंदनं विचारलं.

"बोटभर."

त्यानं मान डोलावली आणि दोन चहा सांगितले.

जनकाबाई वसमतच्या. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेल्या, घरात एकट्या. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा बुटका, आडवा कम्प्युटर तापून बंद पडायला लागला. मूळचा पंखा गेला होता आणि तसाच दुसरा कुठं मिळेना. वेगळा बसवायचा तर उंची सात सेंटिमीटरच्या आत हवी. माप त्यांनी स्वतः पट्टीनं घेऊन आणलं होतं.

त्या मापाचा कूलर पहिल्या दिवसापासून धम्मानंदच्या खालच्या खणात होता.

पण बायको गेल्यापासून हिंगोलीतल्या त्याच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या गाळ्यात कोणी कामापलीकडं बोललं नव्हतं. जनकाबाई मात्र त्या पहिल्या दिवशी तासभर बसल्या. ट्रंक कॉल जोडताना कानावर पडलेली भांडणं आवाज काढून सांगितली. धम्मानंद कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसला. त्या उठल्या तेव्हा त्यानं नऊ सेंटिमीटरचा कूलर बांधून दिला.

"न्हाई बसला तर मंगळवारी या. बदलून देतो."

तेव्हापासून त्या दर मंगळवारी येत होत्या.

आज मात्र त्या लंगडत आल्या होत्या. एसटीतून उतरताना पाय मुरगळला होता. सुजलेला घोटा पाहून धम्मानंदला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं खालचा खण उघडला.

"हा घेऊन जा, ताई. आता तकलीफ न्हाई. बराबर बसंल."

"बराबर?"

"व्हय."

जनकाबाई त्या चपट्या कूलरकडं पाहत राहिल्या. चहा अर्धा टाकूनच गेल्या.

पुढच्या मंगळवारी धम्मानंदनं एकच चहा सांगितला. तो पिऊन होतो न होतो तोच त्या पायरी चढून आल्या.

"न्हाई बसला, भाऊ."

त्यानं पट्टी लावली. साडेपाच सेंटिमीटर. पुन्हा लावली. तेवढंच.

"असं कसं होईल? चला, आज मीच येतो तुमच्या घरी. लावूनच देतो."

"नका येऊ."

"काहून?"

जनकाबाईंनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत.

"कम्प्युटर घरात न्हाई, भाऊ. पुतण्यानं दिवाळीतच नेला."