अर्धं उत्तर

१९८८च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत आयसेलिनला मुलाच्या घरी, नानांना पुन्हा वर्ग मिळाला; एकाच विद्यार्थिनीचा. नात सीमा सप्टेंबरपासून शाळेत 'गव्हर्नमेंट'चा, म्हणजे अमेरिकन राज्यव्यवस्थेचा, ॲडव्हान्स्ड कोर्स घेणार होती, आणि नागपुरात तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेले आजोबा घरातच होते. रोज नाश्ता झाला की नाना प्रश्नांची कार्डं घेऊन बसत.

"मत कोण देऊ शकतं?"

"सिटिझन."

"आणि?"

"अँड एटीन इयर्स ओल्ड."

तेव्हा कुठे "बरोबर" मिळे. अर्ध्या उत्तराला नानांनी जन्मात मार्क दिले नव्हते.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी जेवताना मुलाने, श्रीरामने, विषय काढला. सीमाला आता स्वतःची खोली हवी, तर नानांनी नागपूरला परत जावं.

"आपण डेमोक्रॅटिकली ठरवू, नाना. व्होट घेऊ."

त्याने हात वर केला. पाठोपाठ सुनेने. नानांनी विरोधात हात वर केला आणि निर्धास्तपणे सीमाकडे पाहिलं. समसमान मतं पडली की ठराव बारगळतो, हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं.

सीमा ताटात बघत म्हणाली, "बट नाना, यू आर नॉट अ सिटिझन."

"आणि?" नानांच्या अगदी ओठांवर आलं. समोर बसलेल्या सोळा वर्षांच्या नातीकडे ते क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला.

"बरोबर," ते म्हणाले.