ल्युसर्नला काय न्यायचं

जो तो जूनमध्ये जा म्हणत होता आणि सूनबाई बोलावत होती ऐन नोव्हेंबरात. तेव्हा म्हणे धुक्यात ल्युसर्नचं तळंसुद्धा दिसत नाही, आल्प्स तर दूरच. "आपण कंटाळून परतावं म्हणून हा डाव आहे," शैलाताईंनी नवऱ्याला बजावलं.

तेवढ्यात सुनेकडून फोनवर सामानाची यादी आली. पहिलीच ओळ होती: आई, तुमच्या जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्या आणा.

"बघा! फरशी पुसायला फडकी हवीत तिला!"

"पुढचं वाच की," नवरा म्हणाला.

पुढे स्वेटर नव्हता, छत्री नव्हती. होतं ते अळीव, डिंक, बाळंतशेपा.

शैलाताईंनी पहिली ओळ पुन्हा वाचली. अंगावरच्या साडीचा पदर त्यांनी गालावरून फिरवून पाहिला.

"जरा खरखरीत लागतेय," त्या म्हणाल्या. "आता नोव्हेंबरपर्यंत हीच नेसते आणि हीच धुते."