मोबाईल बंद

"सगळ्यांनी मोबाईल बंद करा," पाणथळीवर हौशी मंडळींना पक्षी दाखवायला आलेल्या नवऱ्याने बजावलं आणि बायकोकडे जरा जास्तच वेळ बघितलं. थंडी सरताना लावलेल्या मिरचीच्या रोपांचा तिला सकाळपासून घोर होता. घटकेत ऊन, घटकेत पाऊस. "रोपं काय पळून चाललीत?" तो वाटभर चिडवत होता.

तीन तासांनी लाजरी पाणकोंबडी एकदाची गवतातून बाहेर आली. तेवढ्यात फोन वाजला. पाणकोंबडी पसार झाली, सगळे बायकोकडे वळले. तिने शांतपणे नवऱ्याच्या खिशातून त्याचा फोन काढला आणि स्पीकरवर टाकला.

"भाऊजी, परत ऊन पडलंय," शेजारीण म्हणाली. "रोपांवरचं प्लास्टिक काढू, का मघासारखी तुमच्या फोनची वाट बघू?"