आंबट गोळ्यांची वही

“नाही म्हणजे नाही.” आईने हॉस्पिटलचं संमतीपत्र तिसऱ्यांदा परत सरकवलं आणि तोंडात क जीवनसत्त्वाची एक आंबट गोळी टाकली. लगेच डोळे गच्च मिटले. लिंबाच्या नुसत्या वासाने जिचे दात आंबायचे, ती बाई दिवसाला आठ गोळ्या चघळत होती.

मुलीने कपाळावर हात मारला. आज शुक्रवार. सोमवारी केमो सुरू व्हायलाच हवी होती. डॉक्टर समजावून थकले, मामा ओरडून घरी गेला. आईचं एकच पालुपद: क जीवनसत्त्वाने कॅन्सरच्या पेशीची ऊर्जेची भट्टी विझते, मग सुया कशाला?

हे तिला सांगितलं कोणी? मुलीनेच. बारा वर्षं ती प्रयोगशाळेत हीच एक भट्टी विझवत बसली होती.

“अगं, ते काचेच्या बशीत! बशीतल्या पेशी फिनेलनेही मरतात. उद्या फिनेल पिशील?”

“आवाज चढवू नकोस. बाबा झोपलेत.”

“या गोळ्यांनी तुझी गाठ जाणार नाही, आई. यातलं माझ्याहून जास्त कोणाला कळतं?”

“तेच तर,” आई म्हणाली.

मुलीने वैतागून उशी उचलून आपटली. उशीखालची वही जमिनीवर पडली. आत पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वेळ, गोळ्या, वजन, भूक. शेजारच्या पानावर तेच सगळं, पण वर लिहिलं होतं: ‘हे’.

“हे काय आहे?”

“तुलना नको का? तुझ्या बाबांना नुसत्या गोड गोळ्या देते. त्यांना बोलू नकोस, सगळं बिघडेल.” मग आई चादरीची सुरकुती सारखी करत राहिली. “तूच म्हणालीस ना, बशीत जमलं, पण पुढे चाचणीला माणूस मिळत नाही.”

मुलीने वही उचलली. मग तिने पेन काढलं आणि वहीत लिहिलं: सहभागी व्यक्ती बाद.

“का गं? काही चुकलं माझं?”

“नोंदी उत्तम आहेत. आमच्याकडेसुद्धा कोणी इतक्या नीट ठेवत नाही. पण संशोधकाची आई चालत नाही. नियम आहे.”

आईने तोंडातली गोळी तळहातावर काढली.

“मग हे आधी सांगायचंस ना! तीन आठवडे दात आंबवून घेतले मी. आण ते पेन इकडे, कुठे करायची सही?”